मोठ्या मायचा समुद्रातला नाग

बुलडाणा जिल्ह्यातून समुद्र किती लांब आहे हे मी कधी मोजलं नाही. पण तो मलकापूरला रेल्वेच्या पार्सलमधून उतरतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. थर्माकोलचं खोकं, आत हवा भरलेली पिशवी, पिशवीत खारं पाणी आणि त्यात प्रवासानं वैतागलेला एक मासा. ते खोकं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो की स्टेशनवरचे हमाल हटकून विचारायचे, "काय आनलं परकाशभाऊ, वाघ का बकरी?" कारण मीच त्यांना कधीतरी सांगून बसलो होतो, की समुद्राच्या माशांत काही वाघ असतात आणि बाकीच्या बकऱ्या.

आता दुकान लेक बघते आणि मी गल्ल्याजवळ नुसता बसून सल्ले देतो. ते ती ऐकत नाही. म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या धंद्यावर लिहा" म्हटल्यावर लगेच हो म्हटलं. कोणीतरी ऐकून तर घेईल!

माझं गाव रोहिणखेड. वडिलांचं मोताळ्यात फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. उरलेल्या काचा चिकटवून मी पहिली टाकी केली, ती गळली. दुसरी केली, तीही गळली. तिसरी टिकली आणि मी बिघडलो तो कायमचा. पुढे मलकापुरात दुकान टाकलं. गोड्या पाण्याच्या माशांवर पोट भरलं, पण जीव रमला तो खाऱ्या पाण्यात, आणि त्यातही वाघांत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खारं पाणी म्हणजे पाण्यात मीठ टाकलं की झालं. तसं नसतं. जारवाल्याच्या प्लांटचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात समुद्रासारखं बनवलेलं खास मीठ विरघळवायचं, खारटपणा यंत्रानं मोजायचा. मग टाकीत सच्छिद्र दगड टाकून नुसती वाट बघायची. त्या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि माशाची घाण तेच पचवतात. ही वस्ती जमेपर्यंत मासा टाकायचा नाही. गिऱ्हाइकाचा सगळा राग या वाट बघण्यावर असतो. रिकाम्या टाकीसमोर पाहुणे बसवून चहा पाजायचा म्हणजे लाज वाटते म्हणे.

या धंद्यात मला भेटलेलं पहिलं अस्सल गिऱ्हाईक म्हणजे वानखडे गुरुजी. जळगाव जामोद तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातले, निवृत्त शिक्षक. त्या पट्ट्यात विहिरीला, बोअरला खारटच पाणी लागतं. वरण शिजत नाही, चहा फाटतो. गुरुजी एक दिवस दुकानात दोन डबे पाणी घेऊन हजर झाले.

"परकाशभाऊ, तुमी मीठ इकत घेऊन पान्यात टाकता. आमच्या बोअरले ते फुकट येते. चाखून पाहा."

मी चाखलं. तोंड वाकडं झालं, हे खरं. पण यंत्राखाली थेंब ठेवला तर समुद्र कुठे आणि हे कुठे! शिवाय त्यातले क्षार वेगळे. मी समजावलं तेव्हा गुरुजी खट्टू झाले. "जन्मभर या पान्यानं छळलं," ते म्हणाले, "म्हटलं आतातरी माहे मासे पोसल." पण माणूस चिवट. रीतसर मीठ घेऊन गेले आणि वर्षभरात माझ्याइतकेच तयार झाले. त्यांच्याकडे ट्रिगर जातीचा मासा आहे. तो टाकीतला थर्मामीटर चावतो आणि पाहुणा वाकून बघायला लागला की त्याच्या तोंडावर चूळ टाकतो. गुरुजींना त्याचं भारी कौतुक.

मला मात्र सांगायची आहे ती मोताळ्याच्या विलासभाऊंच्या टाकीची गोष्ट. तिच्यात गुरुजी पुढे येतीलच.

विलासभाऊ नारखेडे यांचं मोताळ्यात बियाण्या-खतांचं दुकान आहे. कंपनीनं विक्रेत्यांना मुंबईची सहल घडवली, तिथं एका हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि दगडाच्या कपारीतून डोकं काढून बसलेला एक ईल मासा पाहिला. बाकीचे विक्रेते मुंबई बघत फिरले, हे त्या टाकीसमोर बसून राहिले. परत येऊन थेट माझ्याकडे.

"तोच पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊ, रंगीत लहान मासे घ्या. दिसतात छान, खातात कमी." पण ते ऐकेनात. बरं, जो ईल त्यांना हवा होता तोही काही वाईट नव्हता. स्नोफ्लेक ईल म्हणतात त्याला. पांढरट अंग, त्यावर काळी-पिवळी नक्षी, जाडी मनगटाएवढी आणि लांबी हातभर. प्रवाळाच्या खडकात राहतो, खेकडे आणि झिंगे खातो. टाकीत राहायला अंगाला घट्ट बसेल असा प्लॅस्टिकचा पाइप दिला की स्वारी खूश. नजर अधू, पण नाक असं तिखट की पाण्यात झिंगा उतरला की लगेच बाहेर येतो. एकच खोड, झाकण ढिलं राहिलं की टाकीतून निघून जातो. म्हणून त्याच्या टाकीवर जड झाकण आणि खाऊ घालायला छोटी खिडकी, असं मी करून दिलं.

अडचण माशाची नव्हती, मायची होती. विलासभाऊंची आई, अख्ख्या गल्लीची मोठी माय. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांद्याशिवाय दुसरं काही उग्र शिजत नाही. म्हणून झिंग्यांचा डबा शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमध्ये, वर "औषध" अशी चिठ्ठी लावून. आठवड्यातून दोनदा विलासभाऊ एकेक झिंगा कागदात गुंडाळून घरी आणायचे, लांब चिमट्यात धरून ईलला द्यायचे. तेवढा वेळ माय नाकाला पदर लावून ओसरीत जाऊन बसायची.

तिनं टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथंच होतो. ईलनं पाइपातून डोकं काढलं आणि तोंड उघडझाप करायला लागला. हा त्याचा श्वास घेण्याचा प्रकार, पण बघणाऱ्याला वाटतं चावायला निघाला. मायनं दोन्ही हात जोडले.

"माय, हा साप नोहे, मासा हाय," मी म्हटलं.

"हाव बा," माय म्हणाली. "तुह्या दुकानात मासा. माह्या घरात नाग."

मग तिनं मला सांगितलं. गावाकडे त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वारूळ होतं. लग्न होऊन आल्यापासून दर नागपंचमीला ती तिथं दूध घेऊन जायची. रस्ता रुंद झाला, जेसीबीनं धुरा सपाट केला, वारूळ गेलं. नंतर मुलाबरोबर मोताळ्यात राहायला आली आणि भिंतीवर नाग काढून पुजायला लागली. "भितीवरच्या नागाले किती वर्सं नुसतं दूध दाखवू? तो काई हालत नाई, डोलत नाई," ती म्हणाली. मला हसू आलं नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची आणि जप करायची. ईलही पाइपातून डोकं काढून बसायचा. दोघांचंही तोंड हलत असायचं.

आणि मग नागपंचमी आली. आमच्या घरी नागपंचमीचं काही नसतं. आम्ही बौद्ध, आमचा तो रोजच्यासारखाच दिवस. मी दुकानात काच कापत होतो, फोन वाजला. विलासभाऊ.

"परकाशभाऊ, लौकर या. मायनं टाकीत दूध टाकलं."

"किती?"

"आख्ख्या गल्लीचं!"

मी काच तशीच टाकली. दुकानात तयार खारं पाणी होतं तेवढं ड्रममध्ये भरलं, रिक्षात घातलं आणि मोताळ्याचा रस्ता धरला. दुधानं माशाला विष होतं असं नाही, पण पाण्यात ते लगेच नासायला लागतं, त्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा गुदमरून मरतो. पाव्हण्या-रावळ्यांनी भरलेल्या बंद खोलीत जीव घाबरा व्हावा तसं होतं ते.

घरात शिरलो तर दृश्य असं. गल्लीतल्या बायका नटूनथटून, हातात ताटं. टाकी पांढरीफटक, वर लाह्या तरंगताहेत, काचेला हळदीकुंकवाची बोटं. पाण्यातली घाण फेस करून बाहेर काढणारं यंत्र टाकीला लावलेलं असतं. त्याला एवढं दूध मिळाल्यावर त्यानं फेसाचा लोट काढला होता आणि तो स्टँडवरून फरशीवर वाहत होता. आणि मोठी माय त्या फेसाकडे भरल्या डोळ्यांनी बघत होती.

"पाय बा परकाश, देवानं घेतलं. दूध उतू जाऊन राह्यलं!"

 मी काचेला टेकवून बॅटरी मारली. काचेलगतच ईलचं डोकं पाइपाबाहेर लोंबत होतं आणि तोंडाची उघडझाप धापा टाकल्यासारखी चालली होती. माय माझा चेहरा बघत होती. म्हातारी माणसं चेहरा बरोबर वाचतात.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"माय, त्याले श्वास भेटून नाई राह्यला."

तिच्या हातातली वाटी खाली पडली. "माह्या हातून? नागपंचमीले?" एवढंच म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. आजच्या दिवशी भुईत किडा मरू नये म्हणून ही माणसं माती खणत नाहीत, घरात विळी-चाकू चालवत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. त्या दिवशी तिच्याच हातून नाग गेला असता तर पुढचं आयुष्य ती कशी जगली असती, हे मला तिथं उभ्याउभ्या दिसलं. तोपर्यंत मी एक मासा वाचवायला आलो होतो. आता दोघांना वाचवायचं होतं.

पहिलं काम ईलला बाहेर काढायचं. त्याला हातानं धरायचं नसतं, निसटतो आणि घाबरला तर चावतोही. मी त्याचं डोकं अलगद पाइपात ढकललं, पाइपाची दोन्ही तोंडं तळव्यांनी झाकली आणि पाइपासकट उचलून माझ्या ड्रममध्ये सोडला. वर ताट झाकलं, ताटावर खलबत्ता ठेवला. हवेचा पंप लावायला नळी काढली तर ती लांब होती. मी खिशातून कटर काढला तशा विलासभाऊंच्या बायको, सुनीतावहिनी पुढे आल्या.

"भाऊ, आज घरात कापत नाईत."

घर त्यांचं, नियम त्यांचा. मी नळी घेऊन रस्ता ओलांडला, समोरच्या पंक्चरवाल्याकडे कापली आणि परत आलो. पंक्चरवाल्यालाही काय झालं ते कळायला पाहिजे होतं, तो पाठोपाठ आला. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक आलं, पंक्चर तसंच ठेवून.

आता टाकी. दूध गेलेलं पाणी उपसायचं तर तेवढंच नवं खारं पाणी पाहिजे, आणि ते काही चुटकीसरशी होत नाही. दुकानातलं होतं नव्हतं ते मी ईलसाठी आणलेलं. मी वानखडे गुरुजींना फोन लावला. त्यांच्याकडे स्वतःच्या टाकीचं पाणी बदलायला तयार करून ठेवलेलं असतं. सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "निंगालो," आणि फोन ठेवला.

ते येईपर्यंत बायकांनी पदर खोचले आणि बादल्या भरून पांढरं पाणी बाहेर नेलं. मी दगड धूत होतो. घराच्या खिडकीतून बघतो तर पहिली बादली तुळशीकडे चाललेली, देवाचं पाणी म्हणून. मी ओरडलो, "अवो तिथं नोका टाकू, खारं हाय ते!" तुळस वाचली. उरलेलं सगळं नालीत गेलं, आणि जाताजाता दोन-तीन बायकांनी नालीलाही नमस्कार केला.

गुरुजी भाड्याच्या टेम्पोतून आले, मागे निळे ड्रम. उतरल्या उतरल्या त्यांनी मला गाठलं.

"या बारीला चाखू नोका. मोजा."

मी मोजलं. आकडा अगदी बरोबर. गुरुजींचा चेहरा असा फुलला, की मला वाटतं त्यांच्या बोअरनं केलेला जन्माचा अपमान त्या दिवशी धुतला गेला. आम्ही टाकी भरली, दोन पंप लावले, पाण्यातली घाण शोषणारा काळा कोळसा टाकला. पाणी निवळल्यावर पाइप पुन्हा आत ठेवला. ईल जिवंत होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विलासभाऊंनी मला मिठी मारली, माझा ओला शर्ट त्यांच्या नव्या कुर्त्याला लागला.

मला वाटलं, संपलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. रडवेल्या.

"भाऊ, तो डोकंच काढून नाई राह्यला. अन् मायनं कालपासून काईच खाल्लं नाई. म्हंते, तो जेवल तवा मी जेवीन. तिच्या शुगरच्या गोळ्या जेवल्याबिगर देता येत नाईत!"

हे माझ्या धंद्यात बसणारं नव्हतं. ईल मनात आलं तर कित्येक आठवडे जेवत नाही आणि त्याला काही होत नाही. मोठ्या मायचं तसं नव्हतं.

गेलो. आधी खोलीतली गर्दी हटवली. आजारी माणसाला भेटायला यावं तशी माणसं येत होती, काचेवर बोट वाजवून "कसं काय?" विचारत होती. दिवा बंद केला. मग विलासभाऊंनी चिमट्यात झिंगा धरून आत सोडला. पाइपाच्या तोंडाशी नेला. काही नाही. मी हातात घेतला, जिवंत वाटावा म्हणून हलवला, फिरवला. तरी काही नाही. खेकड्याची नांगी देऊन पाहिली. ईलनं नाकाचा शेंडा काढला आणि परत आत.

मी मायजवळ जाऊन बसलो. "माय, तो हुशार हाय, जेवल आपल्या सवडीनं. तू घासभर खा."

"तुही माय असती त तू तिले असं सांगतलं असतं का?"

"सांगतलंच असतं."

"अन् तिनं आयकलं असतं का?"

माझी आई आठवली. नसतंच ऐकलं. 

मायनं एकदा टाकीकडे पाहिलं. मग उठली, गळ्यातली माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. "दे इकडं तो चिमटा."

विलासभाऊ "माय, अवो माय, तू काऊन," करत पुढे आले. जन्मात तिनं मासळी-झिंग्याला हात लावला नव्हता. बाजारात त्या रांगेतूनही ती कधी गेली नव्हती. तिनं मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चिमट्यात झिंगा धरून तिच्या हातात दिला. नाकाला पदर लावायचा तर दुसरा हात टाकीच्या कडेला धरलेला. तिनं नुसते डोळे मिटले आणि चिमटा पाण्यात सोडला.

तिचा हात थरथरत होता. वयानं, उपासानं, किळसेनं, कशानंही असेल. पण त्या थरथरीनं चिमट्यातला झिंगा असा काही फडफडायला लागला, की जिवंत झिंगाही तसा फडफडत नाही. मी हलवला होता तो हलवायचा म्हणून. हे वेगळंच होतं. पाइपातून नाक आलं. मग डोकं. मग हातभर नक्षी एका झटक्यात बाहेर आली आणि चिमट्याला असा हिसका बसला, की माय किंचाळली.

"घेतला! घेतला बाप्पा!"

तिचे डोळे आता उघडे होते आणि ईल गळ्यातला घास गिळत तिच्यासमोर डोलत होता. विलासभाऊ रडत होते. सुनीतावहिनी रडत होत्या. मी काही रडलो नाही असं लेकीला सांगितलं, तिनं विश्वास ठेवला नाही.

मायनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, मग राखेनं घासले. माळ गळ्यात घातली. ताटावर बसली आणि एकदम थांबली. "परकाश, त्याले अजून एक दे. पाव्हन्याले एका घासावर उठवत असतात का?"

मी म्हटलं, "नाई माय, त्याले एकच पुरते. जास्त झालं त बाधते."

"मंग मीबी एकच भाकर खातो," माय म्हणाली. खाल्ल्या तिनं तीन.

लोक मला विचारतात, ईलनं तिला ओळखलं का? मी धंद्यातला माणूस आहे. थरथर, वास आणि अंधार, एवढंच मी सांगीन. माय वेगळं सांगते. दोघांचंही ऐकून घ्या.

तेव्हापासून विलासभाऊंच्या घरी नागपंचमीची रीत बदलली आहे. गल्लीतल्या बायका दूध आणतात, ते टाकीबाहेर पाटावर ठेवतात, हळदीकुंकू काचेला बाहेरून लावतात. मग त्या दुधाची खीर होते. मोठी माय माळ देव्हाऱ्यात ठेवते, डोळे मिटते आणि चिमटा हातात घेते. नागाचं जेवण झाल्याशिवाय घरात कोणी पानावर बसत नाही, आणि तो जेवला की नाही हे ठरवायचा आणि त्या दिवशीचा झिंगा आणायचाही मान माझा आहे. गुरुजी एक ड्रम पाणी घेऊन येतात. कोणी मागत नाही तरी आणतात. आमच्या घरी नागपंचमीचं काही नसतं, हे मी वर लिहिलंच आहे. तरी त्या दिवशी सकाळी मोताळ्याहून फोन येतो आणि माय स्वतः बोलते.

"परकाश, झिंगा घेऊन निंग लौकर. आमी दोघंबी भुकेजलो."